वायरचे हेडफोन की बिनतारी?

प्रश्न : रोजच्या प्रवासात गाणी ऐकण्यासाठी आजही वायरचे हेडफोन घ्यावेत का?

उत्तर : जरूर घ्यावेत. ब्लूटूथवर आवाज पाठवताना तो एसबीसी किंवा एएसीसारख्या पद्धतीने आकुंचित करावा लागतो आणि त्यात थोडा तपशील गळतो. वायरला ही अडचण नसते, शिवाय काही वर्षांत क्षीण होणाऱ्या बॅटरीपायी चांगले हेडफोन टाकून द्यावे लागत नाहीत, आणि मला हेच अधिक मोलाचे वाटते. वायर बहुधा पिनेजवळ तुटते, म्हणून ती बदलता येईल असेच हेडफोन निवडावेत. गर्दीत ती कपड्यांच्या आतून घ्यावी. फोनला ३.५ मिमीचा जॅक नसेल, तर डॅक चिप (डिजिटल आवाजाचे हेडफोनला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारी चिप) असलेला यूएसबी-सी अ‍ॅडॉप्टर घ्यावा, कारण काही फोन त्या चिपशिवाय वायरच्या हेडफोनमध्ये आवाज देत नाहीत.