डबा उघडण्याआधी

100 मीटरला उतरतोयस, तर कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सनचं प्रकरण मुळापासून वाच. सोल ऑलिंपिक, 1988: 9.79 सेकंदांत सुवर्ण, आणि तीनच दिवसांत नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडल्याने ते दुसऱ्या आलेल्या कार्ल लुईसकडे गेलं. पुढे चौकशीत कबुली दिल्यावर 1987चा रोममधला 9.83चा विश्वविक्रमही पुसला गेला. 1993मध्ये पुन्हा सापडला, आजन्म बंदी. इतकी जबरदस्त सुरुवात घेणारा धावपटू! मला अजून हळहळ वाटते.

तुला खरी भीती मात्र सप्लिमेंटच्या डब्याची आहे. लेबलवर नसलेलं द्रव्यही आत निघतं, आणि नमुन्यात सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच. ‘कोचनी दिलं’ म्हणून सुटका होत नाही. शक्यतो घेऊच नकोस. घ्यावंच लागलं तर बॅच तपासून प्रमाणित केलेलं घे, बॅच क्रमांकाचा फोटो काढ, थोडी पावडर डब्यात राखून ठेव. साध्या सर्दीच्या गोळीआधीही डॉक्टरांना सांग, माझी डोप चाचणी होते.