लोक चर्चमध्येच का गेले? रवांडाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ साली हुतू कट्टरपंथीयांनी अल्पसंख्य तुत्सींचा नरसंहार केला. एप्रिल आला की त्याविषयीची पत्रे येऊ लागतात, आणि पंधरापैकी दहांत तोच गोंधळ असतो. या वेळी निवडक पत्रांना एकत्रच उत्तरे देतो.

हुतू आणि तुत्सी हे दोन वेगळे धर्म आहेत का? (सांगली)

नाहीत. ते एकाच देशातले, एकच भाषा बोलणारे दोन समाज आहेत. मारणारे आणि मरणारे बहुतेक ख्रिस्तीच होते, अनेकदा एकाच चर्चमधले.

मृतांचा आकडा कुठे पाच लाख, कुठे आठ, कुठे दहा लाखांच्या वर दिसतो. मुलीच्या प्रकल्पात कोणता लिहू? (नाशिक)

संशोधकांचे बहुतेक अंदाज पाच ते आठ लाखांच्या दरम्यान आहेत. रवांडा सरकार दहा लाखांहून अधिक सांगते. दोन्ही लिहा आणि कोणता कुणाचा ते सांगा. सरासरी काढून तिसरा आकडा तयार करू नका. काळ मात्र पक्का आहे: ७ एप्रिल १९९४ ते जुलैचा मध्य, सुमारे शंभर दिवस. आणि प्रकल्प मुलीला लिहू द्या.

इतकी कत्तल चालू असताना हजारो लोक चर्चमध्ये जाऊन बसले. पळून जायचे सोडून देवावर भरवसा ठेवणे हा भाबडेपणा नव्हे का? (पुणे)

हा प्रश्न मला दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझे डोके तापते. इथे बसून उंटावरून शेळ्या हाकणे सोपे आहे.

ते लोक भाबडेपणाने गेले नाहीत, अनुभवाने गेले. १९५९ पासून तुत्सींवर वेळोवेळी हल्ले झाले. १९६३ साली झाले, १९७३ साली झाले. घरे जळाली, माणसे मेली, पण चर्चच्या आवारात पोहोचलेले बहुधा वाचले. मार्च १९९२ मध्ये राजधानी किगालीच्या दक्षिणेला बुगेसेरा भागात कत्तल झाली, तेव्हाही न्यामाटाच्या चर्चमध्ये शिरलेली माणसे जिवंत राहिली. अंतोनिया लोकातेल्ली या इटालियन बाईंनी तिथे काय चालले आहे ते परदेशी रेडिओला फोनवरून सांगितले आणि त्यापायी त्यांची हत्या झाली. त्यांची कबर त्याच चर्चशेजारी आहे. म्हणजे दोनच वर्षांपूर्वी जिथे जीव वाचला, तिथेच माणसे पुन्हा गेली. तुम्ही कुठे गेला असता?

आता दुसरी बाजू. ही आठवण मारणाऱ्यांनाही होती. काही ठिकाणी तर अधिकाऱ्यांनीच सांगितले की चर्चमध्ये, शाळेत, स्टेडियममध्ये जमा, तिथे संरक्षण मिळेल. घराघरांत शोधण्यापेक्षा एका छपराखाली गोळा झालेली माणसे मारणे सोपे. पश्चिम रवांडातल्या किबुयेत प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाधिकारी म्हणा, पेशाने डॉक्टर होता. १७ एप्रिलला चर्चवर आणि दुसऱ्या दिवशी स्टेडियमवर झालेल्या हल्ल्यांत तो स्वतः हजर होता. रवांडातल्या गुन्ह्यांसाठी टांझानियातल्या आरुशात नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये त्याला जन्मठेप दिली. 'लोकांचे माथे भडकले' असे लिहिणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. भडकलेला जमाव हातबाँब आणत नाही. आधी सैनिक किंवा पोलीस हातबाँब टाकून दार फोडत, मग कोयते आणि दंडुके घेतलेले इंटराहाम्वे, म्हणजे हुतू कट्टरपंथीयांच्या टोळ्या, आत शिरत. न्यामाटाच्या पत्र्याच्या छतावर त्या वेळची भोके अजून आहेत. मी गेलो तेव्हा दुपार होती. त्या भोकांतून उन्हाचे ठिपके बाकांवर पडत होते आणि बाकांवर मेलेल्यांच्या कपड्यांचे ढीग होते. मातीच्याच रंगाचे झालेले. एक लहान मुलाचा स्वेटर होता. तिथून थोड्या अंतरावर न्तारामाचे विटांचे छोटे चर्च आहे. तिथे १५ एप्रिलला सुमारे पाच हजार माणसे मारली गेली. त्यांनी सोबत आणलेल्या गाद्या, प्लास्टिकचे मग आणि वह्या तिथेच राहिल्या. चार दिवस राहून घरी परतायचे म्हणूनच ना कुणी वही घेऊन येते?

एका धर्मगुरूने बुलडोझर लावून स्वतःचेच चर्च लोकांसकट पाडले, असा मेसेज फिरतोय. खरे की खोटे? (ठाणे)

या एका बाबतीत मेसेज खरा आहे. पश्चिम रवांडातले न्यांगे गाव, १६ एप्रिल १९९४. आत किमान दीड हजार माणसे होती. फादर आथानास सेरोम्बा यांनी बुलडोझरच्या चालकाला चर्चची कमकुवत बाजू दाखवली, असे न्यायाधिकरणाने नोंदवले. पुढे ते नाव बदलून इटलीत फ्लोरेन्सला धर्मगुरू म्हणून राहिले. आधी पंधरा वर्षांची शिक्षा झाली, २००८ साली अपिलात ती जन्मठेप झाली. मात्र त्याच मेसेजचे शेवटचे वाक्य 'सगळे पाद्री असेच' हे खोटे आहे. गिसेन्यी गावच्या कॅथलिक धर्मसेविका फेलिसितास नियितेगेका यांना लष्करात असलेल्या भावाने निघून जा म्हणून निरोप धाडला होता. आश्रयाला आलेल्यांना सोडून त्या गेल्या नाहीत आणि त्यांच्यासोबत मारल्या गेल्या. अनेक मुस्लिम वस्त्यांनीही माणसे लपवली. पुढे पाठवायच्या आधी निकाल वाचा. वाचता येत नसेल तर वकील मित्राला विचारा, आणि तोवर बोट आवरा.

व्हॅटिकनने माफी मागितली ना? मग विषय संपला. (औरंगाबाद)

पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आणि त्याच्या माणसांच्या पापांबद्दल क्षमायाचना केली ती २० मार्च २०१७ रोजी. तेवीस वर्षांनी! न्यांगे प्रकरणातला फरारी आरोपी फुल्जन्स कायिशेमा तर दक्षिण आफ्रिकेत सापडला २०२३ साली. एवढ्या काळात साक्षीदार म्हातारे होतात, मरतात. विषय संपला की नाही ते वाचलेल्यांना विचारायचे, मला नव्हे.

गोरिला सफारीच्या पॅकेजमध्ये 'जेनोसाइड चर्च, अर्धा दिवस, फोटो स्टॉप' आहे. घ्यावे का? (मुंबई)

न्यामाटाला जरूर जा, पण 'फोटो स्टॉप' म्हणून नको. त्या आवारात पंचेचाळीस हजारांहून अधिक लोक पुरलेले आहेत. किगालीहून तासाभराचा रस्ता आहे, त्यासाठी 'खास अनुभव' म्हणून जादा पैसे उकळू पाहणाऱ्याला सरळ नाही म्हणा. किगालीच्या मुख्य स्मारकाला तर प्रवेश शुल्कच नाही. स्मारकाचा स्वतःचा मार्गदर्शक घ्या, तो सांगेल ते ऐका, फोटोआधी त्याला विचारा. त्याला 'तुमच्या घरचे कोणी गेले का' असे मात्र विचारू नका. मधुमेह, रक्तदाब असेल किंवा घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

भारतात नरसंहाराविरुद्ध वेगळा कायदा आहे का? (कोल्हापूर, विधी शाखा)

नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या नरसंहारविरोधी करारास भारताने १९५९ मध्ये मान्यता दिली, स्वतंत्र कायदा अजून केलेला नाही. प्रबंधाचा विषय असेल तर आधी मार्गदर्शकांना भेटा. मला पत्र लिहून प्रबंध होत नाही.

नातवाने मोबाइलवर कवट्यांचा व्हिडिओ पाहिला. तो नऊ वर्षांचा आहे. पाच रात्री झाल्या, दिवा मालवू देत नाही. मी सांगितले की ते सगळे खोटे आहे. बरोबर केले का? (सोलापूर, आजोबा)

आजोबा, खोटे आहे असे सांगू नका. मोठा झाल्यावर त्याला कळेलच, आणि मग तुमच्या बाकीच्या गोष्टींवरही तो शंका घेईल. खरे आहे, फार दूर घडले, तू जन्मायच्या खूप आधी घडले, आणि ते करणाऱ्या अनेकांना शिक्षा झाली, एवढेच सांगा. कवट्यांचे तपशील नकोत. दिवा चालू राहू द्या. पण पाच रात्री झाल्या म्हणता, म्हणजे हे काम माझे नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते समुपदेशकाचे नाव देतील. परीक्षा संपल्यावर नको, याच आठवड्यात.