मुलीच्या नावाने पॉलिसी घेऊ की यांच्या?

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. आम्ही भांडुपला राहतो. हे ४१ वर्षांचे, अंधेरीच्या एमआयडीसीत सुपरवायझर. हातात ७८ हजार येतात, त्यातले ३४ हजार घराच्या हप्त्याला जातात. कर्ज अजून ३८ लाख आहे. मी ३७ वर्षांची, पोळीभाजीचे डबे देते, महिन्याला १५ हजार सुटतात. मुलगा १२, मुलगी ७ वर्षांची, सासूबाई आमच्याजवळच असतात. हप्ता सोडून घरखर्च ४५ हजार. यांच्या दोन पॉलिसी आहेत : एक १४ वर्षं भरलेली, दुसरी ३ वर्षांपूर्वीची मनीबॅक (मधूनमधून थोडे पैसे परत देणारी). दोन्ही मिळून विमा ९ लाखांचा, हप्ता वर्षाला ६२ हजार. पीएफमध्ये १२ लाख आहेत, शिवाय ऑफिसचा २० लाखांचा ग्रुप विमा. आता यांचे मावसभाऊ, ते एजंट आहेत, म्हणतात मुलीच्या नावाने पॉलिसी घ्या, शिक्षणाची सोय होईल. टर्म विम्याचं, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे मिळतात त्या विम्याचं, नाव काढलं की हे म्हणतात, ते पैसे बुडतात. हे तंबाखू खातात ते फॉर्मवर लिहायचं का? दिरांच्या धंद्याच्या कर्जाला हे जामीन आहेत, त्याची मला फार धास्ती वाटते. आणि माझा विमा काढायची काही गरज नाही ना? — एक वाचक, भांडुप

उत्तर : ताई, तुम्ही सगळे आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे नेमकं सांगता येईल. मुलीच्या नावाने पॉलिसी आत्ता नको. ज्याच्या पगारावर घर चालतं त्याचा विमा आधी पुरेसा हवा, आणि तुमच्या घरात तो फारच अपुरा आहे.

आपल्याकडे बहुतेक घरांत हप्ता किती झेपेल इथून सुरुवात होते आणि मग त्यात बसेल तो विमा घेतला जातो. तुम्ही उलट दिशेने या. यजमान नसतील तर तुम्हाला काय लागेल ते मांडू. कर्ज फेडायला ३८ लाख. घरखर्चातून त्यांचा स्वतःचा पास, चहापाणी वगैरे ५ हजार वजा केले तर राहतात ४० हजार. तुमचे १५ हजार धरले तरी महिन्याला २५ हजार कमी पडतात, म्हणजे वर्षाला ३ लाख. तुम्ही साठी ओलांडेपर्यंत, २५ वर्षांसाठी, ७५ लाख. (त्या पैशावर जे व्याज येईल ते महागाईत जाईल असंच मी धरते. जास्तीची आशा धरून हिशेब करू नये.) दोन्ही मुलांच्या शिक्षणाला आजच्या भावाने १५-१५ लाख. एकूण १ कोटी ४३ लाख. त्यातून जुन्या पॉलिसींचे ९ आणि पीएफचे १२ लाख वजा केले की उरतात १ कोटी २२ लाख.

ऑफिसचे २० लाख मी मुद्दाम धरले नाहीत. नोकरी सुटली की ते कव्हर संपतं, आणि पंचेचाळिशीत कारखाना महाराष्ट्राबाहेर गेला तर नवीन विमा महागच मिळणार. पीएफला जोडलेल्या ईडीएलआय या विमा योजनेतून जास्तीत जास्त ७ लाख मिळतात, तेही नोकरीत असेपर्यंतच. शिवाय एवढा आघात झाल्यावर पहिल्या दिवसापासून तुमचे डबे पूर्वीसारखे चालतील असं कुणी गृहीत धरू नये. म्हणून दीड कोटींचा टर्म विमा घ्या, त्यांच्या साठीपर्यंतचा. तोवर मुलं कमावती होतील, कर्जही फिटेल. पंच्याऐंशीपर्यंतच्या कव्हरला उगाच जास्त पैसे जातात. हप्ते परत देणारी टर्मही नको, तिचा हप्ता बराच चढा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, त्यामुळे जुनं कोटेशन असेल तर नवीन मागवा.

पैसे बुडतात असं यजमान म्हणतात. त्यांना विचारा, वर्षभर सोसायटीत चोरी झाली नाही म्हणून वॉचमनचा पगार परत मागतो का आपण?

आता तंबाखूचं. लिहायचं, आणि साखर, बीपी, जुनं ऑपरेशन जे असेल ते सगळं लिहायचं. मी विमा कंपनीच्या क्लेम विभागात नोकरी केली आहे. हॉस्पिटलच्या केसपेपरवर ‘मधुमेह आठ वर्षांपासून’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं आणि आमच्याकडच्या प्रपोजल फॉर्मवर त्याच रकान्यात ‘नाही’, असे कागद शेजारी शेजारी ठेवून मी बसलेली आहे. समोरच्या बाईला त्यातलं काहीच माहीत नसायचं, फॉर्म तिने कधी पाहिलेलाच नसायचा. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही, पण त्या तीन वर्षांत काही झालं तर? तंबाखूमुळे हप्ता वाढेल, तो वाढू द्या. फॉर्म भरताना तुम्ही स्वतः शेजारी बसा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते, तेवढ्यात सोबतची फॉर्मची प्रत ओळीने वाचा.

जामिनाची तुमची धास्ती खरी आहे. त्यासाठी १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे. टर्म घेतानाच ‘एमडब्ल्यूपी’चा (याच कायद्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) फॉर्म भरून लाभार्थी म्हणून तुमचं आणि मुलांचं नाव घालायचं. मग ती रक्कम तुमच्यासाठी ट्रस्टसारखी बाजूला राहते, दिरांचं कर्ज देणाऱ्या बँकेला तिच्यावर हात टाकता येत नाही. मात्र देणेकऱ्यांना फसवण्यासाठीच पॉलिसी घेतली असं सिद्ध झालं तर हे संरक्षण टिकत नाही, म्हणून कर्ज थकायची वाट पाहू नका. पॉलिसी एकदा निघाल्यावर हा फॉर्म जोडता येत नाही, आणि लाभार्थी नंतर बदलताही येत नाहीत. यजमानांनी हे समजून सही करावी.

या कायद्याखाली फक्त पत्नी आणि मुलं लाभार्थी होतात, आई नाही. सासूबाईंसाठी यजमानांच्या बँक खात्यातून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घ्या : वर्षाला ४३६ रुपये, विमा २ लाखांचा, नॉमिनी सासूबाई. पन्नाशीच्या आत त्यात शिरावं लागतं.

जुन्या पॉलिसींपैकी १४ वर्षं भरलेली शेवटपर्यंत चालवा. मनीबॅक पेड-अप करून, म्हणजे ती न मोडता कमी रकमेच्या विम्यावर तशीच ठेवून, हप्ता थांबवता येईल का ते विचारा, पण टर्मची पॉलिसी प्रत्यक्ष हातात येईपर्यंत तिला हात लावू नका. मुलीच्या शिक्षणासाठी पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडा. दहा वर्षांच्या आतच ते उघडता येतं. दहावी झाल्यावर किंवा १८ पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. भाऊजी सुचवतात त्या पॉलिसीत वडील गेल्यावर पुढचे हप्ते माफ होत असतील, तरी त्याने महिन्याचा किराणा भरला जात नाही. त्यांना दुखवायचं कारण नाही. टर्म त्यांच्याकडूनच घ्या. नात्यातला एजंट क्लेमच्या वेळी घरी येतो, ही मोठी गोष्ट आहे.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘गरज आहे’ असंच आहे. तुमचे १५ हजार, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं, चार माणसांचा स्वयंपाक, हे सगळं यजमानांना विकत घ्यावं लागलं तर त्यांचा पगार पुरणार नाही. निदान २५-३० लाखांची टर्म तुमच्या नावाने हवी. कंपनी उत्पन्नाचा कागद मागते, म्हणून डब्यांचे पैसे रोख घेण्याऐवजी खात्यात घ्यायला लागा आणि यंदापासून स्वतःचं इन्कम टॅक्स रिटर्न भरा.