अमेरिकन आणि जर्मन शहरांमधलं ‘सिस्टर सिटी’ नातं, म्हणजे दोन देशांतल्या शहरांनी ठरवून जोडलेली मैत्री, कसं सुरू झालं? अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १९५६च्या योजनेतूनच ना? आणि आज एखाद्या शहराला असं नातं जोडायचं तर सुरुवात कुठून करावी?

नाही, १९५६मधून नाही. ते साल जिथे तिथे छापलेलं दिसतं आणि दर वेळी मला खटकतं, कारण एका लहान गावाचं श्रेय वॉशिंग्टनच्या नावावर जमा होतं. आयझेनहॉवरनी ११ सप्टेंबर १९५६ला व्हाइट हाउसमध्ये परिषद भरवली आणि तिथून देशभर चळवळ पसरली, हे खरंच आहे. पण मिनेसोटातलं वर्दिंग्टन आणि दक्षिण जर्मनीतलं क्राइल्सहाइम यांचं नातं १९४७चं आहे. युद्धानंतरची अमेरिकन-जर्मन शहरांची पहिली जोडी ती.

क्राइल्सहाइम हे रेल्वे जंक्शन. एप्रिल १९४५च्या सुरुवातीला अमेरिकन रणगाडे गावात शिरले, जर्मन फौजेने प्रतिहल्ला करून त्यांना मागे रेटलं, आणि महिना संपायच्या आत अमेरिकनांनी गाव पुन्हा घेतलं. या ओढाताणीत बाँब, तोफा आणि आगीने जुन्या गावठाणाचा बहुतेक भाग बेचिराख झाला. त्यात १९४६-४७चा हिवाळा भयंकर कडक. जर्मनीच्या अमेरिकन ताब्यातल्या भागात सामान्य माणसाचं ठरलेलं रेशन दिवसाला १५५० कॅलरींचं, आणि तेवढंही पुष्कळदा हातात पडत नसे. अशा गावासाठी वर्दिंग्टनच्या लोकांनी कपडे आणि खाण्याच्या वस्तू गोळा केल्या. दोनच वर्षांपूर्वी जे शत्रू होते, त्यांच्यासाठी.

त्या काळी मदत पोचायची कशी, हे कळायला ‘केअर’ या अमेरिकन मदतसंस्थेचं पार्सल बघा. एका पार्सलला आधी १५ डॉलर पडायचे, पुढे ते १० डॉलरवर आलं. आत डबाबंद मांस, बेकन, २ पौंड मार्जरीन, १ पौंड चरबी, मध, मनुका, १ पौंड चॉकलेट, २ पौंड साखर, अंड्याची आणि दुधाची पावडर, २ पौंड कॉफी. कॉफी चैनीची वाटेल, पण काळ्या बाजारात तिच्या बदल्यात हवं ते मिळायचं. यातली सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र डब्यात नव्हती. पार्सल घेणाऱ्याची सही असलेली पावती पाठवणाऱ्याकडे परत यायची. त्या सहीमुळे ‘जर्मनीतले भुकेले’ ही मोघम गर्दी उरत नसे, एक नाव समोर यायचं, आणि नाव कळलं की पत्र लिहिता येतं.

२० जून १९४८ला पश्चिम जर्मनीत नवं मार्क चलन आलं आणि बघता बघता दुकानांत माल दिसू लागला. नातं फक्त पार्सलांवर उभं असेल तर इथेच संपतं, कारण देणाऱ्याला काम उरत नाही आणि घेणाऱ्याला ओशाळं वाटू लागतं. वर्दिंग्टन-क्राइल्सहाइम टिकलं ते शाळेमुळे. इकडचा विद्यार्थी तिकडच्या घरात राहून वर्षभर तिथल्या शाळेत शिकणार आणि तिकडचा इकडे, ही रीत पुढच्या दशकात बसली. दर वर्षी दोन्ही गावांत एक नवं घर या नात्यात ओढलं जातं.

वॉशिंग्टनचा काहीच वाटा नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. जर्मनीत खासगी मदत पाठवायची मुभा १९४६मध्ये मिळाली, ती सरकारनेच दिली. आणि ‘पहिली जोडी’ म्हणजे जर्मनीपुरती. ओहायोतलं टोलेडो आणि स्पेनचं टोलेडो १९३१पासूनच जोडलेली आहेत.

आता तुमच्या शहराचं. ‘आधी ठराव, मग माणसं’ म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. करारावर महापौरांची सही लागतेच, पण ती शेवटी घ्या. महापौर बदलला, अंदाजपत्रकात कात्री लागली, की नुसत्या सहीचं नातं फाइलमध्ये पडून राहतं. आधी पालिकेबाहेरची समिती करा, तिचं खातं वेगळं ठेवा, दोन्हीकडची एकेक शाळा पक्की करा. पाहुण्या मुलाला ठेवून घेणारी घरं गरजेपेक्षा दोन जास्त हाताशी असू द्या, कारण ऐन वेळी कुणाकडे तरी आजारपण निघतंच. अदलाबदलीच्या तारखा ठरवताना सुट्ट्या ताडून बघा. मिनेसोटातल्या शाळा साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात, क्राइल्सहाइम ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमधल्या जुलैअखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे दोन्हीकडे एकदम सुट्टी मिळते ती जवळजवळ फक्त ऑगस्टमध्ये. मुंबई १९६८पासून त्याच राज्याच्या राजधानीशी, स्टुटगार्टशी, जोडलेली आहे. आपल्याकडच्या शाळा तर जूनमध्येच सुरू होतात, त्यामुळे इथून मुलं पाठवायची तर हे गणित आणखी अवघड होतं. ते सुटल्याशिवाय ठरावाचा मसुदा लिहायला घेऊ नका.