अकरावीला संगीत विषय घेऊ द्यावा का?

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतातच. मुलगा किंवा मुलगी लहानपणापासून गाणं शिकत असते, परीक्षाही दिलेल्या असतात. तोवर सगळ्यांना कौतुक असतं. पण तेच मूल "मला अकरावीला संगीत घ्यायचंय" म्हणालं की घरात चर्चासत्र सुरू होतं. अशाच एका मुलीची गोष्ट तिच्या आणि तिच्या आईबाबांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शाळा सीबीएसईची. विज्ञान शाखा नक्की होती. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी ठरलेले. प्रश्न फक्त पाचव्या विषयाचा होता. बाबांना संगणकशास्त्र हवं होतं, लेकीला हिंदुस्तानी संगीत, गायन. आईचं म्हणणं, "क्लास चालू ठेव की, कोण नको म्हणतंय? विषय कशाला?"

बाबांनी मुद्दे लिहूनच आणले होते. "मॅडम, एक तर हिचे टक्के खाली येतील. आणि गाण्याला मार्क म्हणजे त्या दिवशी समोर बसलेल्या परीक्षकाची मर्जी. पुढे इंजिनिअरिंगला याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त होते, म्हणून आधी तेच घेतले. या विषयात लेखी ३० गुणांचं आणि प्रात्यक्षिक ७० गुणांचं असतं. प्रात्यक्षिकात नुसतं "छान गा" असं नसतं. नेमलेल्या रागांतले ख्याल, आलाप-ताना, तालाचा ठेका टाळी-खाली दाखवत ठाय म्हणजे मूळ लयीत आणि दुगुणीत म्हणजे दुप्पट लयीत म्हणणं, स्वरसमूहावरून राग ओळखणं, असं बरंच काही असतं. परीक्षकाच्या आवडीनिवडीचा भाग थोडाफार उरतोच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तयारी करता येते आणि ती दिसते. एनआयटीच्या (केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थांच्या) प्रवेशासाठी बारावीच्या ७५ टक्क्यांची जी अट बाबांना सतावत होती, ती भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, एक भाषा आणि आणखी कोणताही एक विषय धरून मोजतात. तो पाचवा विषय संगीत असू शकतो. हे ऐकून बाबांनी वहीतल्या एका मुद्द्यावर रेघ मारली. (ज्यांना अमुकच अभ्यासक्रमाला जायचंय, त्यांनी त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजाऱ्यांच्या माहितीवर विषय ठरवू नयेत.)

एवढं झाल्यावर मी आईबाबांना बाहेर बसायला सांगितलं. मुलगी तोवर फारशी बोललीच नव्हती. तिच्या हातात एक वही होती, ती बघू का म्हणून विचारलं. आत मालकंस रागातली एक बंदिश भातखंडे लिपीत, म्हणजे गाणं कागदावर लिहायच्या पद्धतीत, उतरवलेली. समेखाली (तालाच्या पहिल्या मात्रेखाली) फुली, खालीला शून्य, कोमल स्वरांखाली आडव्या रेघा. गाण्याच्या बाईंनी अजून शिकवली नव्हती, रेकॉर्डिंग ऐकून हिनेच लिहिली होती. तीनचार ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं. मी विचारलं, "तानपुऱ्याचं अ‍ॅप लावतेस ना? त्यात पंचम ठेवतेस?" (पंचम म्हणजे सारेगमपधनीतला 'प'.) ती एकदम सरसावून बसली. "नाही ना! मालकंसात पंचमच नाही. रिषभ पण नाही. मग तार मध्यमात लावायची. पंचम वाजत राहिला तर सगळं टोचतं." आणि मग थांबेचना.

मी एवढंच बघत असते. विषय म्हणून संगीत घेण्यासाठी गळा लागतो, पण त्याहून जास्त लागते ती 'हे असं का' विचारण्याची खोड. बारावीचं लेखी म्हणजे रागांचा समयसिद्धांत (कोणता राग कोणत्या वेळी गायचा), जुने ग्रंथ, मोठ्या गायकांचं काम. ज्याला नुसतं स्टेजवर गायचंय, त्याला हे जड जातं. हिला जड गेलं नसतं, हे त्या वहीवरूनच कळत होतं.

मग मी विचारलं, "तुला स्वतःला कशाची भीती वाटते?" बराच वेळ गेला. मागे एका परीक्षेत परीक्षकांनी तिला आलाप अर्ध्यावर थांबवायला सांगितलं होतं आणि मैत्रिणीपेक्षा गुण कमी पडले होते. त्यानंतर कितीतरी दिवस तिने घरी तानपुरा लावला नव्हता. आईला वाटलं, अभ्यासाचा ताण. मुलगी म्हणाली, "गणितात साठ पडले तर मी गणितात कच्ची. गाण्यात साठ पडले तर मी काय?"

बाबांच्या यादीत हा मुद्दा नव्हता. बहुतेक पालकांच्या यादीत तो नसतो. आणि मला विचाराल तर खरी काळजी करावी अशी हीच एक गोष्ट आहे. आवड परीक्षेला बसली की तिला गुण मिळतात, आणि पंधरासोळाव्या वर्षी मूल ते गुण स्वतःलाच लावून घेतं.

यावर आम्ही पुढच्या काही भेटींत काम केलं. परीक्षक आलाप का थांबवतात, याची कारणं तिच्याकडूनच काढून घेतली: वेळ ठरलेला, मुलं रांगेत, तान आणि ताल ऐकायचे राहिलेले. म्हणजे ते थांबवणं तिच्या गाण्यावरचा शेरा नव्हता. दुसरं, तिच्या बाईंशी बोलून असं ठरवलं की अभ्यासक्रमाबाहेरचा एक राग कायम चालू ठेवायचा. तो परीक्षेला गायचा नाही, स्पर्धेत नाही, पाहुण्यांसमोरही नाही. (आईने इथे "पाहुण्यांसमोर पण नाही?" असं विचारलं. नाहीच.) तिसरं, सुट्टीत तिने लेखीचे थोडे प्रश्न खरोखर लिहून पाहिले. व्याख्या लिहायचा कंटाळा आला, पण मालकंस रात्रीचाच का यावर ती बाबांशी वाद घालून आली. बाबांना त्यातलं काही कळलं नाही, तरी वाद रंगला म्हणे.

एक व्यवहाराची गोष्ट सगळ्यांसाठी. विषय यादीत असतो, पण शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात तो शिकवणारं कुणी आहे का, तासिका खरंच होतात का, हे प्रवेशाआधी जाऊन विचारा. आणि मुलाचा आवाज फुटत असेल तर गायनाचा हट्ट धरू नका, गुरूंना विचारा. तबला किंवा स्वरवाद्याचाही पर्याय असतो.

मुलीने संगीत घेतलं. आता ती बारावीत आहे. सहामाहीच्या प्रात्यक्षिकात तिला अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडले, म्हणून आईने घाबरून वेळ मागितली. मुलगी आली, थोडी रडली, ताल कुठे चुकला ते तिनेच सांगितलं. मी विचारलं, "त्या दिवशी संध्याकाळी क्लासला गेलीस?"

"गेले की," ती म्हणाली. "बाईंनी मारवा सुरू केलाय. त्यातही पंचम नाही."