बोट चालवायला लायसन्स लागतं का हो?

प्रश्न: ताई, मुलगी इंग्लंडात कव्हेंट्रीला असते, आम्ही दोघं मे महिन्यात चाललोय. जावई म्हणतोय की तीन दिवस कॅनॉलवर नॅरोबोट घेऊन फिरू, आपणच चालवायची. ह्यांचं वय 68, माझं 63, पोहता दोघांनाही येत नाही आणि आयुष्यात होडी चालवलेली नाही. जमेल का? दिवसाला किती अंतर होतं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: जमेल हो, जावयाला हो म्हणून टाका. भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही, निघताना तासभर शिकवतात आणि लाइफ जॅकेट मिळतं ते घालायचं, लाजायचं नाही. स्पीड लिमिट ताशी 4 मैल, म्हणजे काठावरून कुत्रं फिरवायला निघालेले आजोबा तुम्हाला मागे टाकून जाणार आणि वर हात हलवून मॉर्निंग म्हणणार, तुम्हीही म्हणायचं.

बोट जेमतेम 7 फूट रुंद, लांबी मात्र 50-60 फूट, कारण त्या भागातली लॉक्सच (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करायचे, दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद) तेवढी अरुंद आहेत. आत गॅस, फ्रिज, शॉवर सगळं असतं पण कुकर शेगडीवर असताना कुणाला पलीकडे जायचं असेल तर अंग चोरूनच जावं लागतं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे डोक्याला कळतं पण हाताला कळायला अर्धा दिवस जातो, मी पहिल्याच वळणावर बोट सरळ झुडपात घातली होती, चहाच्या कपात पानं!

अंतराचं म्हणाल तर मैल आणि लॉक्स यांची बेरीज करा आणि 3 ने भागा, साधारण तेवढे तास लागतात. म्हणजे 6 मैल आणि 9 लॉक्स असतील तर 5 तास, दिवसाला तेवढं पुष्कळ झालं. जावयाने नकाशा बघून रोज 20 मैल ठरवले असतील तर आधी ते खोडा, इथेच सगळ्यांची ट्रिप बिघडते, अहो पोचायचंच असतं तर ट्रेन आहे की.

तुम्हाला जवळ पडेल असा ऑक्सफर्ड कॅनॉल घ्या, नेपटन गावाहून दक्षिणेला. काम सुरू झालं 1769 मध्ये, ऑक्सफर्डपर्यंत पोचायला 1790 उजाडलं. जेम्स ब्रिंडली नावाच्या इंजिनिअरने तो टेकड्यांच्या कडेकडेने एकाच पातळीवर वळवत आखला, म्हणजे लॉक्स आणि भराव कमी लागतात. उत्तरेचा भाग पुढे 1830 च्या दशकात सरळ केला, हा दक्षिणेचा तसाच राहिला. नेपटनची 9 लॉक्स चढलात की 11 मैल एकही लॉक नाही, आणि वर्मलेटन गावापाशी इतकी वळणं आहेत की शेतातलं तेच घर आधी उजवीकडे, मग मागे, मग डावीकडे दिसतं, ह्यांना वाटेल आपण रस्ता चुकलो.

आता लॉक. एल आकाराचं हँडल मिळतं, त्याला विंडलास म्हणतात, ते फिरवून झडपा उघडायच्या, पाणी समान झालं की दरवाज्याच्या लांब दांड्याला पाठ लावून रेटायचं, दरवाजा आपसूक सरकतो, तुम्हालाही जमेल. हँडल तसंच अडकवून सोडू नका, झडप सुटली तर गरागरा फिरतं. माझं दुसऱ्या दिवशी पाण्यात पडलं, नवीन घ्यावं लागलं. एका वेळी लाखभर लिटरच्या वर पाणी खाली जातं, म्हणून समोरून बोट येत असेल तर थांबा, तिला आधी लॉकमधून जाऊ द्या.

आणि हे नीट वाचा. खाली उतरताना वरच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला पाण्याखाली कट्टा असतो, त्याला सिल म्हणतात. बोटीची मागची बाजू त्यावर टेकली आणि पाणी उतरत राहिलं की बोट पुढे झुकून बुडते. भिंतीवर पांढरी खूण असते, बोट तिच्या पुढे ठेवायची. काठावरच्या माणसाचं लक्ष बोटीवर, फोनवर नाही.

प्रश्न: परत फिरायचं असेल तर एवढी लांब बोट वळवायची कुठे? – तेच वाचक, मागून आलेला मेसेज

उत्तर: वाटेल तिथे वळत नाही, मध्ये मध्ये कॅनॉल रुंद केलेला असतो तिथेच, नकाशावर खूण असते. वळवताना बाकावर बसून बघणारी मंडळी हमखास असतात, त्यांच्यासाठी इंग्रजीत खास शब्द आहे, गाँगूझलर. आपल्याकडे जेसीबी बघायला उभे राहतात ना, तेच.