नाथसागरातली मोटार: काय करावं, काय सोडावं

प्रश्न: पैठणजवळ नाथसागरात आम्ही मासेमारी करतो. होडीला टू-स्ट्रोक मोटार आहे. दुकानदाराने सर्व्हिसची लांबलचक यादी दिली. एवढं सगळं परवडत नाही. काय सोडू?

उत्तर: भाऊ, गिअर ऑइल सोडू नका. १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलाच. तेल दुधाळ निघालं, तर सीलमधून पाणी आत शिरलंय असं समजा. जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळतो आणि सील कापतो. माझ्या मोटारीचा गिअरबॉक्स असाच गेला, तोही ऐन हंगामात. म्हणून मी महिन्याला पंखा काढून बघतोच.

दुसरी न सोडायची गोष्ट इम्पेलर, म्हणजे मोटार थंड ठेवायला पाणी ओढणारं पंपातलं रबरी चाक. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळ ओढला जाऊन रबर झिजतं. थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली, तर मोटार बंद करून आधी धार जिथून येते ते भोक तारेने मोकळं करा. तरीही धार सुधारली नाही, तर इम्पेलर बदला.

प्लग घासून चालतो. मोटार रोज गोड्या पाण्याने धुण्याचा नियम खाऱ्या समुद्रासाठी आहे. आपल्या गोदावरीचं पाणी गोडंच. पेट्रोलमधलं ऑइल मात्र कधीच कमी करू नका.